डॉक्टरबाई, ते पत्रक मी लिहिलं नाही

डॉक्टरबाई,

तुमच्या शोकसभेत मला बोलायला दिलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. मार्केट यार्डाच्या हॉलमध्ये अकरा जण बोलले. तुम्ही देवमाणूस होता, हसतमुख होता, तुमचा हात लागला की दुखणं पळायचं, असं सगळ्यांनी सांगितलं. एकानं तर तुम्ही आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही असं ठोकून दिलं. तेव्हा शेवटच्या रांगेतून कमल माझ्याकडे बघून पदराआड हसली आणि लगेच रडायला लागली. तुमचा आवाज तिनं बावीस वर्षं ऐकला होता.

मी उठले असते तर म्हटलं असतं की ही बाई हट्टी होती. माझं आणि त्यांचं एक भांडण चार वर्षं चाललं होतं आणि ते अर्धवट टाकून त्या गेल्या, याचा मला राग आहे. शोकसभेत असं बोलत नाहीत. म्हणून इथं लिहिते.

तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं की कमल म्हणजे तुमची मदतनीस. तुम्ही पेशंटच्या दातावर मशीन चालवायचात तेव्हा समोरच्या बाजूनं लाळ ओढायची नळी धरून ती उभी असायची. पेशंटच्या तोंडापासून तिचं तोंड हातभरावर. मशीन दातावर फिरलं की पाण्याचे आणि लाळेचे बारीक तुषार उडतात, ते तुमच्याइतकेच तिच्याही अंगावर यायचे. तुमचं नाव दारावर होतं, तिचं कुठंच नव्हतं. घरी तिची आई. आईनं निम्मं आयुष्य ऊसतोडीच्या फडात काढलं आणि आता ती छातीनं इतकी अधू झाली आहे की दोन पायऱ्या चढल्या तरी बसावं लागतं. कोरोनाच्या साथीत कमल घरी गेली की आधी न्हाणीत शिरायची, अंग धुवायची, आणि मगच आईला हाक मारायची.

आणि मी म्हणजे छापखान्यातली मुक्ता. माझे वडील जामखेडात ट्रेडल मशीनवर पत्रकं छापायचे. ऊसतोड कामगारांच्या संपाची, बुवाबाजीच्या विरोधातली, टँकरसाठीच्या मोर्चाची. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. शाळेत ‘कमळ बघ’ वाचायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं. वडिलांचा एकच नियम होता. माणूस पत्रक चालता चालता वाचतो, त्यामुळे वाक्य अडखळलं की तो कागद टाकून देतो. म्हणून पत्रकात ‘कदाचित’ नको, ‘बहुधा’ नको, ‘काही अंशी’ तर नकोच. मी तो नियम गेल्या रविवारपर्यंत पाळला. तुमच्यामुळे मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली, आणि ते मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

भांडण सुरू झालं ते दुसरी लाट ओसरताना. गावात तेव्हा औषधाच्या चुळीचं पेव फुटलं होतं. दुकानांच्या काउंटरवर रंगीबेरंगी बाटल्या लागल्या होत्या. एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या दाराशी टेबल मांडलं होतं. चूळ भरायची, बादलीत थुंकायचं, मास्क खिशात घालायचा आणि पंगतीला बसायचं. आत चारशे माणसं आणि सगळ्या खिडक्यांना सजावटीचे पडदे. मी दारात उभं राहून दोघांना हटकलं, तर एक काका मला म्हणाले, पोरी, आम्ही आत्ताच तोंड शुद्ध करून आलोय, तूच लांब हो.

मी दुसऱ्या दिवशी पत्रक लिहिलं. चुळीनं रोग जात नाही, बाटलीचा काहीही उपयोग नाही, मास्क लावा, खिडक्या उघडा, लस घ्या. आठवडी बाजारात मी आणि दोन मैत्रिणींनी ते वाटलं. मला अजूनही वाटतं की ते लिहायलाच हवं होतं. एक शब्द सोडून.

तीन दिवसांनी तुमचा निरोप आला. मी आले तेव्हा तुम्ही बोलायच्या आधी खुर्चीकडे बोट दाखवलंत. ट्रेमध्ये आरशाशेजारी माझं पत्रक होतं, ‘काहीही’वर लाल गोल केलेला.

‘हे तू लिहिलंस?’

मी हो म्हटलं.

‘थायरॉइड आहे? आयोडीनची ॲलर्जी? नाही ना? मग बस आणि तोंड उघड.’

माझी उजवीकडची दाढ दुखत होती हे तुम्हाला वडिलांनी सांगितलं होतं. कमलनं तांबूस औषधाचा छोटा पेला दिला. तोंडात गंजल्या लोखंडासारखी चव आली.

‘थुंकायचं नाही. मी सांगेपर्यंत तोंडात फिरवायचं. एक मिनिट. हे मिनिट मी बोलणार आणि तू ऐकणार.’

इतकी अन्यायकारक वादसभा मी आयुष्यात पाहिली नाही. माझं तोंड औषधानं भरलेलं आणि तुम्ही घड्याळ हातात धरून बोलत होता. अशा चुळीनं लाळेतले विषाणू थोडा वेळ कमी होतात असं दिसलंय, असं तुम्ही म्हणालात. किती कमी होतात, किती वेळ, आणि सगळ्याच औषधांनी होतात का, हे अजून नीट कळलेलं नाही. कमलचा आजार त्यानं टळेल, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे सगळं तुम्ही स्वतःहून सांगितलंत, माझ्या बाजूचे मुद्देसुद्धा तुम्हीच मांडलेत, आणि मग कमलकडे बोट केलंत.

‘पण हिच्या तोंडावर उडणारा थेंब थोडा कमी घातक होत असेल, तर मी तो करणार. तुझा कागद वाचून या दोन दिवसांत तिघांनी चूळ नाकारली. दुखणारा दात घेऊन आलेल्या माणसाला मी परत पाठवू? की त्याच्या तोंडासमोर हिला तशीच उभी करू? सांग. अं हं, अजून वीस सेकंद आहेत.’

थुंकल्यावर मी लगेच म्हटलं की मंगल कार्यालयातही असंच सांगितलं असणार, थोडं कमी होतं म्हणून. लोक ‘थोडं’ ऐकत नाहीत, ‘झालं’ ऐकतात. तुम्ही म्हणालात, लोकांना ऐकता येत नाही की तुला सांगता येत नाही? मग दाढेत सुई टोचलीत आणि माझं उत्तर पुन्हा अडकलं. नंतर तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, पण दुसरं पत्रक मात्र मागितलंत. त्यात फक्त खरं लिही, म्हणालात. थोडं कमी होतं, एवढंच. मी बधिर ओठांनी म्हटलं की असं पत्रक कुणी वाचत नाही.

‘म्हणजे तुझ्या पत्रकाला खरं पेलत नाही.’

हे वाक्य मी चार वर्षं घेऊन फिरते आहे.

त्याच आठवड्यात कमलला ताप आला, आणि पाठोपाठ तिच्या आईला. आईला नगरला न्यावं लागलं, नऊ दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. ती वाचली. कमलला ते कुठून आलं हे कळायला काही मार्ग नाही. बाजारातून, बसमधून, शेजारून, किंवा त्या तिघांपैकी एकाच्या तोंडातून. चूळ भरली असती तरी आलं असतं, असंही असेल. मी हे सगळं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण डॉक्टरबाई, तुम्ही मला तो ताप एकदाही ऐकवला नाहीत. भांडणात तुम्ही काहीही वापरायचात, माझं वय, माझा कुर्ता, माझ्या वडिलांच्या शुद्धलेखनाच्या चुका. हे एक कधी वापरलं नाहीत. मी वाट बघत होते. तुम्ही एकदा म्हणाला असता तर मी कमलची माफी मागून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणाला नाहीत आणि मी मागितली नाही.

त्या चुळीच्या मिनिटामागे काय काय होतं ते मला नंतर कमलनं सांगितलं. पहिले काही दिवस ती पेला पुढं करायची आणि खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं उजव्या हाताची ओंजळ पुढं करायची. ती चुकून हातावर ओतायची, आणि ते तीर्थासारखं गिळून वर ओला हात डोक्यावरून फिरवायचे. ‘एक आजी तर पाया पडली माज्या,’ कमल म्हणाली. ‘बाई आतून वरडतायत थुंक म्हनून, आन् ती म्हनती, देवाचं कसं थुंकू?’ तुम्ही घाबरून दोनतीनदा त्यांना पाणी पाजून तासभर बसवून ठेवलंत. समजावून काही होईना. शेवटी उपाय कमलनं काढला. आधी स्टीलचं तस्त माणसाच्या दोन्ही हातांत द्यायचं, आणि पेला मग स्वतः त्याच्या ओठाला लावायचा. हात गुंतलेले, मांडीवर थुंकायचं भांडं, मग तीर्थाचा विचारच मनात येत नाही. त्या दिवसापासून एकानंही गिळलं नाही. कुठल्याही माहितीपत्रकात हे नसेल.

आणि तोंड भरलेलं असताना कमल त्यांच्याशी गप्पा मारायची. कुणाचं मत कुणाला, सून कशी आहे, दारू सुटली का. उत्तर देता येत नाही म्हणून माणसं डोळे वटारायची. एकदा एका सरपंचाला तिनं विचारलं, ‘आमच्या वस्तीचा रस्ता करताव का न्हाई? न्हाई म्हनायचं आसंल तर थुका.’ तो बिचारा पूर्ण मिनिटभर गाल फुगवून बसला. तुम्ही हसता हसता घड्याळ बघायचं विसरलात. हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही. कमलला कुणी बोलावलंच नव्हतं व्यासपीठावर.

साथ गेली. गावात बाटल्यांची रांग गेली, मास्क गेले, माझी पत्रकं रद्दीत गेली. तुमचं मिनिट चालू राहिलं. कुणी म्हणालं की आता कशाला, तर तुम्ही विचारायचात, सर्दी गेली का? फ्लू गेला का? आणि मागची मोठी खिडकी सताड उघडी, तिच्यात हवा बाहेर फेकणारा पंखा, तुमच्या आणि कमलच्या तोंडावर घट्ट बसणारा मास्क. उन्हाळ्यात त्या खोलीत पेशंटपेक्षा तुम्हालाच जास्त घाम यायचा. तुम्ही चुळीवर कधीच सगळा भार टाकला नव्हता, हे मला दिसत होतं. म्हणूनच मी म्हणायचे की हे लिहून लावा. चूळ, खिडकी, पंखा, मास्क, सगळं एका कागदावर, भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं. तुम्ही म्हणायचात, हा दवाखाना आहे, कचेरी नाही. माझ्या खोलीत खिडकी कोण बंद करणार आहे?

‘तुम्ही असेपर्यंत कुणी नाही,’ मी म्हटलं होतं.

‘मग झालं तर. मी कुठं चाललेय?’

हा आपला दरवेळचा शेवट. मग तुम्ही विचारायचात की दुसरं पत्रक लिहिलंस का, आणि मी म्हणायचे की आधी तुम्ही पाटी लावा. तुम्ही पाटी लावली नाहीत, मी पत्रक लिहिलं नाही. दोघींनाही वाटत होतं की समोरचीला आधी हरवू. तुम्ही जायच्या आदल्या महिन्यात मी बाबांच्या कवळीसाठी आले होते, तेव्हा तुम्ही पुन्हा विचारलंत आणि मी म्हटलं, लिहितेय. खोटं होतं ते. एक ओळही लिहिली नव्हती. तुम्ही खूश झालात आणि कमलला म्हणालात, बघ, मुक्ताबाई सुधारल्या. तेवढं आठवलं की मला घरात बसवत नाही.

आता काय झालंय ते सांगते. तुमच्या मुलानं दवाखाना एका तरुण डॉक्टरांना चालवायला दिला. राहात्याकडचे आहेत. माणूस वाईट नाही, हात हलका आहे, पेशंटशी गोड बोलतात. त्यांनी पंखा काढला, एसी बसवला, आणि गार हवा जाऊ नये म्हणून खिडकीला काच लावून कडेनं सगळं बुजवून टाकलं. कमलला पातळ मास्क दिला, जाड मास्कमध्ये पेशंटला बोलणं कळत नाही म्हणून. चूळ मात्र ठेवली. गुलाबी औषध, पुदिन्याच्या वासाचं. कमलनं खिडकीबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘मावशी, आपण चूळ देतोय ना? मग झालं की.’

‘झालं की.’ माझा नेमका हाच शब्द होता, डॉक्टरबाई. मंगल कार्यालयाच्या दारात जे झालं ते तुमच्या खोलीत यायला चार वर्षं लागली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बघा, मी बरोबर होते. पण ऐकायला तुम्ही नाही, आणि बरोबर ठरून कमलचा काही फायदा नाही. तुमची सगळी शिस्त तुमच्या डोळ्यांच्या धाकावर उभी होती. इतकं समजणाऱ्या बाईनं ती आपल्यापलीकडे टिकेल याची काडीचीही सोय केली नाही, याचा मला खरंच संताप येतो. आणि जी सोय तुम्ही माझ्याकडे मागितली होती ती मी केली नाही, याचा त्याहून जास्त येतो.

गेल्या रविवारी मी बसले आणि ते लिहिलं. चार वर्षं ज्याला घाबरत होते ते अर्ध्या तासात झालं. ‘दातावर मशीन चालवण्याआधी इथे औषधाची चूळ दिली जाते. तिनं तोंडातले विषाणू थोडा वेळ कमी होतात असं दिसतं. ते जात नाहीत. म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ उभ्या असणाऱ्याला नीट मास्क हवा. चूळ ही त्यांच्या बदल्यात नाही.’ त्यात ‘थोडा वेळ’ आहे, ‘दिसतं’ आहे. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. हे चालता चालता वाचता येणार नाही, थांबून वाचावं लागेल, म्हणाले. मग छापून दिलं.

कमलच्या घरी घेऊन गेले. तिची आई बाजेवर उशीला टेकून बसली होती. मी आधी त्या तीन पेशंटांचं बोलले. माझ्या कागदामुळे झालं असेल किंवा नसेल, पण चूक माझी होती, असं म्हटलं. कमलनं आईच्या पाठीची उशी सारखी केली. मग म्हणाली की बाईंनी तिला तेव्हाच सांगितलं होतं, पोरगी येईल एक दिवस, तू काही विचारू नको. म्हणजे याही बाबतीत तुम्ही माझ्या पाठीमागे बोलून ठेवलं होतंत. मग तिनं कागद हातात घेऊन सावकाश वाचला आणि खालची कोरी जागा दाखवली.

‘हितं नाव कुनाचं?’

मी म्हटलं, माझं. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव टाकतात.

‘तू उभी ऱ्हातीस का तिथं? माजं टाक.’

टाकलं. ‘कमल, मदतनीस.’ इतकंच.

सोमवारी तिनं तो कागद नव्या डॉक्टरांना दिला. त्यांनी वाचला, पेशंट घाबरतील म्हणाले आणि घडी घालून खणात ठेवला. कमलनं हातमोजे काढले, बाहेर येऊन पेशंटांच्या बाकावर बसली. ती काम सोडून गेलेली नाही आणि भांडतही नाही. नुसती बसली आहे. कुणी विचारलं की तू आत का नाहीस, तर पिशवीतून एक प्रत काढून देते. मंगळवारी एक म्हातारी कागद उलटा धरून बघत होती, तिला कमलनं शेवटपर्यंत वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, ‘मंग खिडकी उगडायला काय हुतंय त्याला?’ आणि आत जाऊन तिनं ते डॉक्टरांनाही विचारलं.

डॉक्टर एका हातानं मशीन आणि दुसऱ्या हातानं नळी धरून काम करतायत. वेळ लागतो. बाकावर गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की कागद जास्त हातांत जातो.

आज गुरुवार. मी तिच्या शेजारी बसून हे लिहिते आहे. माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही. तुम्ही मला फक्त खरं लिहायला लावलंत, ते माझ्या मते उशिरा झालं, आणि उशीर माझा होता. थँक्यू म्हणायला मला अजून जमत नाही. तुम्हाला ते ऐकायला आवडलंही नसतं, तुम्ही दुसरी दाढ तपासायला घेतली असती.

थोड्या वेळापूर्वी डॉक्टर दाराशी आले. गळ्यात लोंबणारा मास्क, कपाळावर घाम, चेहरा दमलेला. मावशी, किती दिवस चालणार हे, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. चूळ तर आपण देतोच आहोत ना, म्हणाले.

‘चूळ हायेच की, डाक्टर,’ कमल म्हणाली. ‘ती तिचं काम करती. तिच्याच्यानं होत न्हाई ते आपुन करायचं.’

त्यांनी बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. सात जण होते, सातही जणांच्या हातात कागद. ‘बघतो,’ म्हणून ते आत गेले.

कमल उठली नाही.